पोपटी नसलेला पोपट

माझ्या जुन्या फोनमध्ये एक रेकॉर्डिंग आहे, दीड-पावणेदोन मिनिटांचं. सुरुवातीला नुसती गाडीची घरघर, मग माझा वैतागलेला आवाज, "अहो, गाडी बंद करा ना जरा!", मग घरघर थांबते आणि वरून कुठूनतरी शिट्ट्या यायला लागतात. लांब, वर चढत जाणाऱ्या, मध्येच तुटणाऱ्या शिट्ट्या, त्यात एखादी कर्कश किंकाळी, आणि एक आवाज तर असा की ओल्या बोटाने कुणीतरी काचेचा ग्लास घासतंय. खरं तर फोटो काढायचे होते पण संध्याकाळ झालेली, पक्षी उंचावर, आणि फोन साधाच, म्हणून मग नुसता आवाजच धरून ठेवला.

हे एंटेबेचं, युगांडातल्या. आपल्याकडे एका ठरावीक वयाच्या लोकांना एंटेबे म्हटलं की 1976 चं ते ओलीस धरलेलं विमान आठवतं, माझ्या सासऱ्यांनी तर फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला होता, "तेच का गं ते विमानतळ?" तेच. पण तिथे राहायला गेल्यावर कळलं की गाव म्हणजे अगदी निवांत, कंपालापासून चाळीसेक किलोमीटर, तीन बाजूंनी व्हिक्टोरिया सरोवराचं पाणी, लाल माती, आणि सगळीकडे फणस! आम्ही सांगलीकडची माणसं, फणसासाठी कोकणातल्या पाहुण्यांची वाट बघणारी, आणि इथे रस्त्यावर ढीग. नवऱ्याची नोकरी होती, मला काम नव्हतं, मुलगा शाळेत गेला की दिवस खायला उठायचा. म्हणून मी बोटॅनिकल गार्डनमध्ये जायला लागले. 1898 सालची बाग आहे ती, सरोवराच्या काठाला लागून, पण बाग म्हणून आखलेली अशी फारशी वाटत नाही, जुन्या जंगलाचा एक तुकडा तसाच राहिलाय, त्यात काळी-पांढरी झुपकेदार शेपटीची कोलोबस माकडं, धनेश, आणि वेली अशा की त्यांना लोंबकळून पोरं झोके घेतात.

पहिल्यांदा शिट्ट्या ऐकल्या तेव्हा वाटलं माळीच कुणाला तरी बोलावतोय. त्याला विचारलं तर तो हसला, वर बोट केलं आणि म्हणाला, "कसुकू." स्वाहिलीत पोपट. मी वर बघितलं आणि हिरवं काहीतरी शोधत राहिले. पाच मिनिटं! आता यात माझा काय दोष, आपल्या भाषेतच सोय नाही. आपण रंगालाच पोपटी म्हणतो, पोपटी साडी, पोपटी ब्लाउजपीस, म्हणजे पोपट हिरवा असणं हे आपण गृहीत धरून, शिक्का मारून मोकळे झालोय. (रायगडातली वालाच्या शेंगांची पोपटी वेगळी, ती खायची.) आणि हा वरचा प्राणी, आफ्रिकन ग्रे, किंवा नुसताच ग्रे, पूर्ण राखाडी. ढगाळ आभाळावर राखाडी पक्षी, दिसणार कसा? मग त्यातला एक फांदीवरून उडाला आणि मागून शेपूट दिसली. लालभडक. चुलीतली राख सारताना आत निखारा सापडावा तशी.

त्यानंतर दुर्बीण घेतली आणि मग नीट बघणं सुरू झालं. आपल्या पोपटाची सगळी शान त्या लांब शेपटीत असते, याची शेपूट आखूड, चौकोनी, जणू मापात चूक झाल्यासारखी. अंगाने मात्र भरलेला, साधारण 33 सेंटीमीटर लांब, वजन चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे खाली बसला की चांगला गलेलठ्ठ दिसतो. डोक्यावरच्या आणि मानेवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कड असते त्यामुळे दुर्बिणीतून बघितलं की माशाच्या खवल्यांसारखं काहीतरी दिसतं. चोच काळी. डोळ्यांभोवती पिसंच नाहीत, नुसती पांढरी कातडी, पावडर थापल्यासारखी, आणि त्या पांढऱ्यात फिकट पिवळा डोळा. पिल्लांचे डोळे गडद असतात, हळूहळू राखाडी होत मग पिवळे होतात, त्याला वर्ष-दीड वर्ष लागतं, म्हणजे डोळ्यात बघून वयाचा अंदाज बांधता येतो. एवढं मात्र खरं की ती पिवळी नजर एकदा आपल्यावर स्थिरावली की आपल्याला जरा अवघडल्यासारखं होतं. सासूबाई मुलीच्या स्थळाकडे बघतात ना, तसं बघतो.

आणि पावडर म्हणाले ते नुसतं म्हणायला नाही. या पक्ष्याच्या अंगावर काही पिसं अशी असतात की त्यांची टोकं सतत झिजून बारीक पूड होते, ती पूड तो चोचीने सगळ्या अंगाला लावत बसतो. तीच त्याची छत्री, तेच त्याचं तेल. काकाकुव्यालाही असते ही पूड. जंगलात ती वाऱ्यावर जाते, फ्लॅटमध्ये टीव्हीवर बसते, पण त्याकडे मी येणार आहे.

एंटेबेत बघण्यासारखं म्हणजे त्यांचं येणं-जाणं. तिथे विषुववृत्त अगदी जवळ, त्यामुळे वर्षभर सूर्य जवळपास एकाच वेळी मावळतो, ना उन्हाळा लांब ना हिवाळा आखूड, आणि पोपटांची ड्युटी त्यावर. सकाळी उजाडताना सरोवराच्या बाजूने दोघे-चौघे-दहा करत यायचे, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास परत. उडणं सरळ, घाईचं, पंखांची फडफड पटापट आणि उथळ, मध्ये तरंगणं वगैरे नाही, लोकल पकडायची असल्यासारखे. आणि उडताना बोलत. सतत! गप्प उडणारा ग्रे मी चार वर्षांत फारसा बघितला नाही. पण एकदा का फळाच्या झाडात शिरले की चिडीचूप, नुसत्या साली आणि अर्धवट खाल्लेले तुकडे खाली पडत राहतात, तेवढ्यावरून समजायचं की वर मंडळी जेवायला बसलीत. जंगली अंजिरांवर यायचे. पण त्यांचं खरं जीव की प्राण म्हणजे तेलताडाचं फळ, तेच ज्याचं पाम तेल आपण वडे तळायला वापरतो. ते झाड मूळचं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेचं, म्हणजे या पोपटाच्याच गावचं. फळ एका पायात धरायचं, भाकरी धरावी तसं, आणि वरचा केशरी गर कुरतडत बसायचं. फांदीवर चढतानासुद्धा चोच हा तिसरा पाय, आधी चोच अडकवणार, मग एक पाय, मग दुसरा.

याचं मूळ घर मोठं आहे तसं. पश्चिमेला आयव्हरी कोस्टपासून घाना, नायजेरिया, कॅमेरून, गॅबन, दोन्ही काँगो, आणि पूर्वेला युगांडा, केनियाच्या पश्चिम टोकाला काकामेगाच्या जंगलापर्यंत. त्याच्याही पश्चिमेला, लायबेरिया-सिएरा लिओनकडे, याचा भाऊ राहतो, टिमने, जरा लहान, जास्त काळपट, शेपूट लाल नाही तर जांभळट-तपकिरी. आधी दोघांना एकच समजायचे, आता वेगळी जात मानतात. आणि गंमत म्हणजे आपला तो हिरवा, गळ्यात कंठी असलेला राघू, तोही आफ्रिकेत आहे! सेनेगलपासून पार इथिओपियाकडे जाणाऱ्या कोरड्या पट्ट्यात, युगांडाच्या उत्तरेलाही. म्हणजे त्या देशात आपल्याकडचा पोपट माळरानावर आणि हा राखाडी ओल्या जंगलात.

जंगल म्हटलं की मला माबिरा आठवतं. कंपालाहून जिंजाला जाताना रस्ता त्याच्या मधून जातो, तीनशेएक चौरस किलोमीटरचं जंगल, खिडकीची काच खाली केली की एकदम गारवा आत येतो, आणि तिथेही ग्रे आहेत. 2007 साली सरकारच्या मनात या जंगलाचा जवळपास चौथा हिस्सा उसाला द्यायचं होतं. कारखाना भारतीय वंशाच्या लोकांचा. कंपालात मोर्चा निघाला, तो चिघळला, आणि त्यात एका भारतीय माणसाला जमावाने ठार मारलं, ज्याचा त्या कारखान्याशी संबंध असायचं काही कारणही नव्हतं. नंतर सरकार मागे हटलं. आम्ही गेलो तोपर्यंत हे सगळं जुनं झालं होतं, पण तिथली जुनी भारतीय मंडळी ते सांगताना अजून आवाज खाली करायची. मला ते ऐकताना फार विचित्र वाटायचं, कारण ऊस म्हणजे आमचं घर. माझं शिक्षण उसावर झालं, लग्न उसावर झालं. शेत म्हणून बघितलं तर ऊस किती हिरवागार दिसतो, पण त्यात ढोली असलेलं एकही झाड नाही, आणि या पोपटाला ढोली लागते. जमिनीपासून दहा-तीस मीटर उंचीवर, जुन्या, जाड बुंध्याच्या झाडात. मादी तीन-चार अंडी घालते, जवळपास महिनाभर एकटीच उबवते, नर बाहेरून आणून भरवतो, आणि पिल्लं बाहेर यायला आणखी बारा आठवडे. तसलं झाड तयार व्हायला किती पिढ्या लागतात ते वेगळंच.

आता बंड्या.

आम्ही 2018 ला परत आलो, पुण्यात. आणि माझ्या नणंदेने, ताईंनी, तोपर्यंत ग्रे पाळला होता. मी आफ्रिकेत ज्याला मान मोडेस्तोवर वर बघत होते तो इथे कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या पाठीवर बसून कलिंगड खात होता. पहिल्या दिवशी मला काय बोलावं तेच कळेना. ताईंनी तो रीतसर घेतलेला, इथेच पैदास केलेला, पायात रिंग, स्कूटरच्या किमतीत पडला म्हणे. (आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा कायद्याने गुन्हा आहे हे अजून कित्येकांना माहीत नाही. परदेशी पक्ष्यांचं तसं नाही, 2022 च्या दुरुस्तीनंतर त्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते.) या जातीत नर-मादी दिसायला सारखेच, पिसाची डीएनए टेस्ट केल्याशिवाय समजत नाही, आणि ती टेस्ट करेपर्यंत नाव बंड्या पडून गेलं होतं. रिपोर्ट आला, मुलगी आहे. नाव तेच राहिलं. "तो" सुद्धा तसाच राहिला.

बंड्या कुकरची शिट्टी काढतो. यात विशेष काही नाही, बरेच ग्रे काढतात. पण ताईंचा हिशोब असा की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, आणि बंड्या पहिल्या खऱ्या शिट्टीनंतर लगोलग दोन आपल्या जोडून देतो, त्यामुळे त्या घरात दोन वर्षं वरण कच्चं राहत होतं आणि ताई डाळीला दोष देत होत्या. दुकान बदललं त्यांनी! भाऊजींच्या फोनची रिंग, लिफ्टचं "कृपया दरवाजा बंद करा", शेजारच्या आजोबांचं खाकरणं, सगळं येतं. आणि नुसतं येत नाही, वेळेवर येतं. रात्री हॉलचा दिवा मालवायला कुणी उठलं की "चला, झोपा आता." बाहेर जायला चपला घातल्या की "किल्ली घेतली का?" ते भाऊजींचं वाक्य, आणि एकदा खरंच किल्ली आत राहिली होती, म्हणजे त्या अर्थी तो घरातला सगळ्यात उपयोगी माणूस आहे.

आपल्याकडे न समजता घोकून बोलण्याला पोपटपंची म्हणतात. शाळेत बाई म्हणायच्या, पोपटपंची नको, अर्थ सांगा. मला हा शब्द आता जरा टोचतो. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग नावाच्या संशोधक बाईंनी 1977 साली शिकागोच्या एका दुकानातून वर्षभराचा ग्रे आणला, त्याचं नाव अ‍ॅलेक्स, आणि तीस वर्षं त्याच्याबरोबर काम केलं. शिकवायची पद्धत मजेशीर होती, त्याला समोर बसवून घोकून घ्यायचं नाही, तर दोन माणसांनी त्याच्यासमोर आपापसात बोलायचं, ही किल्ली, कोणता रंग, हिरवा, शाब्बास, आणि बरोबर उत्तर देणाऱ्याला ती वस्तू मिळायची. मग याला राहवायचं नाही, तोही मध्ये तोंड घालायचा. थोरल्याचा अभ्यास घेताना धाकटा सगळं शिकून बसतो ना, तेच. अ‍ॅलेक्सला शंभराच्या वर शब्द येत होते, रंग, आकार, सहापर्यंत मोजणं, आणि ताटातल्या दोन वस्तूंत वेगळं काय आहे असं विचारलं तर रंग, आकार की कशाची केलीय ते सांगायचा, काहीच वेगळं नसेल तर "काही नाही" म्हणायचा. सफरचंदाला त्याने स्वतःच नाव ठेवलं होतं, बनेरी, केळं आणि चेरी यांच्या इंग्रजी नावांतून जोडून केलेलं. कंटाळला की म्हणायचा, मला परत जायचंय. 2007 च्या सप्टेंबरमध्ये तो अचानक गेला, 31 वर्षांचा होता, आदल्या संध्याकाळी नेहमीसारखाच बाईंना म्हणाला, शहाण्यासारखी राहा, उद्या भेटू.

यावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, ही भाषा म्हणायची की नाही वगैरे, ते त्यांचं चालू दे. मला त्यात पडायचं नाही. माझा प्रश्न वेगळा होता, एंटेबेपासूनचा. चार वर्षं ऐकूनही मला जंगलातल्या एकाही ग्रेने माणसाची नक्कल केलेली ऐकू आली नाही, मोटारीची नाही, बोडाबोडाच्या, म्हणजे तिथल्या भाड्याच्या मोटारसायकलींच्या, हॉर्नची नाही. मग ही एवढी कला त्याच्याकडे आली कशाला? देवाने काही कोथरूडच्या कुकरसाठी दिली नसणार.

शोधता शोधता एक जुनी माहिती मिळाली. तेव्हाच्या झैरमध्ये, म्हणजे आत्ताच्या काँगोत, रानटी ग्रेंची रेकॉर्डिंग केली होती, 1993 मध्ये ती छापून आली, आणि त्यात दोन पोपटांच्या बडबडीत इतर नऊ जातींच्या पक्ष्यांचे आवाज सापडले. आणि एका वटवाघळाचा! म्हणजे नक्कल जंगलातही चालूच आहे, फक्त तिथले कुकर वेगळे. आपल्या थव्यात, आपल्या भागात जे आवाज चालतात ते उचलायचे, जोडीदाराशी जुळवून घ्यायचे, मी तुमच्यातलाच आहे हे बोलून दाखवायचं, असं काहीतरी त्यामागे असावं असं अभ्यासकांना वाटतं. मला ते पटतं, मी बेळगावकडच्या मावशीकडे आठ दिवस राहिले की माझी मराठी तशी व्हायला लागते, कुणी सांगावं लागत नाही. म्हणजे बंड्या भाऊजींची रिंग काढतो ती आपली करमणूक म्हणून नाही. त्याच्या आयुष्यात थवा म्हणजे ताई, भाऊजी, लिफ्ट आणि कुकर. तो थव्याच्या भाषेत बोलतोय.

थवा मात्र खरा बघायचा असेल तर मध्य आफ्रिकेत जायला हवं. मी गेलेली नाही, व्हिडिओ बघितलेत, पण ते इतक्या वेळा की गेल्यासारखंच आहे. घनदाट जंगलाच्या मधोमध मोकळी, दलदलीची मैदानं असतात, त्यांना तिथे बाय म्हणतात, सेंट्रल आफ्रिकन रिपब्लिकमधलं झांगा बाय त्यातलं प्रसिद्ध, जंगली हत्ती तिथे मातीतले क्षार खायला येतात. सकाळी भोवतीच्या झाडांवर ग्रे जमायला लागतात. आधी वीस-पंचवीस, मग शंभर, मग मोजणं सोडायचं. शिट्ट्यांचा नुसता गदारोळ. कुणीच खाली उतरत नाही, जो तो दुसऱ्याची वाट बघतोय, लग्नात पंगतीला पहिलं कोण बसणार तसं. मग एकजण उतरतो आणि बघता बघता सगळं झाड रिकामं होऊन जमीन राखाडी होते. पाणवनस्पती उपटतात, माती खातात, हत्तीच्या पायांत फिरतात. काहीजण मात्र झाडावरच, पहाऱ्याला. त्यांनी आवाज दिला की क्षणात सगळी लाल शेपटं वर. 2020 च्या सुरुवातीला एक प्रयोग प्रसिद्ध झाला त्यात ग्रेंना टोकन दिली होती, टोकन दिलं की दाणा मिळतो, आणि शेजारच्या ग्रेकडे टोकन नसेल तर हे आपलं टोकन त्याला खिडकीतून देत होते, स्वतःला काही मिळणार नसतानासुद्धा. मकाव पोपटांनी दिली नाहीत. झांगा बायचे ते पहारेकरी आठवले मला ते वाचताना.

पण एवढी मंडळी एका जागी, ठरलेल्या वेळी येतात हे पकडणाऱ्यांनाही माहीत असतं. पद्धत साधी आहे. एक पाळलेला ग्रे झाडावर बांधायचा, तो ओरडतो, बाकीचे त्याच्याकडे येतात, आणि फांद्यांना चिकट गोंद लावलेला असतो, झाडाच्या चिकापासून केलेला. किंवा बायवर जाळं. थव्याला जे धरून ठेवतं त्यानेच त्याला पकडायचं. मग पंखांची पिसं कापायची, खोक्यात कोंबायचं. पकडल्यापासून परदेशी जाईपर्यंत वाटेतच मरणाऱ्यांचं प्रमाण वेगवेगळ्या ठिकाणी 30 ते 66 टक्के धरलंय. आणि 1975 पासून कागदोपत्री, कायदेशीररीत्या, जंगलातून पकडून बाहेर पाठवलेल्या ग्रेंचा आकडा 13 लाखांच्या वर जातो. वाटेत मेलेले यात नाहीत, चोरून नेलेले यात नाहीत.

हौस जुनीच आहे म्हणा. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत एका डचेसच्या मेणाच्या पुतळ्याबरोबर तिचा भुसा भरलेला ग्रे ठेवलाय, ती 1702 मध्ये गेली आणि तिच्यामागे थोड्याच दिवसांत तो गेला म्हणतात.

घानाचं वाचलं तेव्हा बिरबलाची गोष्ट आठवली. बादशहाचा लाडका पोपट, जो कुणी तो मेला म्हणेल त्याचं मुंडकं उडणार, आणि एक दिवस पोपट मरतोच. बिरबल जाऊन सांगतो, महाराज, पोपट डोळे मिटून पडलाय, पाय वर केलेत, चोच उघडी आहे, दाणा खात नाही, पाणी पीत नाही. बादशहा म्हणतो, म्हणजे मेला म्हणा की! तसंच झालं. 1981 पासून हा पोपट आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमांत होता, देशोदेशींना कोटा ठरवून दिलेला, कोटा भरत होता, परिषदा होत होत्या, पोपट कमी दिसतात, थवे लहान झालेत, अमुक झाडावर आता येत नाहीत, सगळं सांगून झालं. अमेरिकेने 1992 मध्ये, युरोपने 2005 मध्ये रानातल्या पक्ष्यांची आयात थांबवली. 2016 मध्ये घानातला अभ्यास आला, की 1992 पासून तिथले 90 ते 99 टक्के ग्रे गेले. एकेका ठिकाणी रात्री मुक्कामाला सातशे ते बाराशे यायचे, तिथली झाडं जवळजवळ रिकामी. मग त्याच वर्षी जोहान्सबर्गच्या परिषदेत मतदान होऊन रानातल्या ग्रेचा व्यापार पूर्ण बंद करायचं ठरलं, आणि 2017 च्या जानेवारीपासून तो बंद आहे. कायद्याने. काकामेगात तर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत.

हे सगळं मी ताईंना सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? त्यांचा बंड्या इथला आहे, त्याला कुणी गोंद लावून पकडलेलं नाही, आणि त्याच्यावर त्यांचा जीव आहे. टीव्हीवरची पांढरी पूड त्या दिवसातून दोनदा पुसतात आणि तक्रार करत नाहीत. पण मागच्या वर्षी भाची शिकायला जर्मनीला गेली आणि बंड्याने छातीवरची पिसं उपटायला सुरुवात केली. आधी थोडी, मग रुपयाएवढं टक्कल, मग तळहाताएवढं. डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट केल्या, आजार काही नाही, म्हणाले यांना एकटेपणा सोसत नाही, कंटाळा सोसत नाही, घरातलं माणूस गेलेलं कळतं. ताई फोनवर रडल्या. मग मलाच विचारलं, "तू तिकडे बघितलेस ना गं, ते काय करतात दिवसभर?" काय सांगू? म्हटलं, उडतात. दिवसाला कित्येक किलोमीटर. आणि बोलतात. नंतर त्या म्हणाल्या, "हे 40-50 वर्षं जगतात म्हणे. मी आत्ता 58. माझ्यामागे याला कोण बघणार?" भाऊजी पेपरमागून म्हणाले, "मी आहे की." ते 63.

आता बंड्याला शेंगा सोलायला देतात, पुठ्ठे फाडायला देतात, भाची रोज व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी पंधरा मिनिटं बोलते, आणि पिसं परत येतायत. पूर्ण नाही अजून.

दिवाळीत त्यांच्याकडे गेले होते तेव्हा माझ्या डोक्यात आलं, याने जन्मात कधी रानातल्या ग्रेचा आवाज ऐकलेला नाही. जुना फोन बरोबर होता. ताईंना विचारलं, लावू का? त्या म्हणाल्या लाव. मी सोफ्यावर त्याच्या शेजारी फोन ठेवला आणि ते एंटेबेचं रेकॉर्डिंग सुरू केलं. माझ्या पोटात उगीच धडधडत होतं. घरघर, मग मी, मग शिट्ट्या. बंड्याने अंगाची सगळी पिसं आवळून घेतली, एकदम सडपातळ झाला, मान तिरकी केली, पिवळ्या डोळ्यातली बाहुली लहान-मोठी, लहान-मोठी. काही बोलला नाही. रेकॉर्डिंग संपलं. मी परत लावलं. परत तेच. तिसऱ्यांदा लावल्यावर तो चालत चालत सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि उशीची झिप ओढायला लागला. ताई म्हणाल्या, "राहू दे, त्याला नाही आवडलं बहुतेक." मीही फोन पर्समध्ये टाकला.

चार दिवसांनी ताईंचा फोन.

"अगं, याला काय शिकवून गेलीस तू?"

"काय झालं?"

"सकाळपासून तुझ्या आवाजात 'अहो, गाडी बंद करा ना जरा' चाललंय. आणि हे दोनदा खाली पार्किंगमध्ये जाऊन बघून आले."

"आणि शिट्ट्या? शिट्ट्या काढतो का?"

"कुकरच्या? त्या तर काढतोच."